दाखल्यांच्या कसोटीवर जीनो बार्ताली

जीनो बार्ताली हा फ्लोरेन्सजवळच्या पोन्ते आ एमा या गावी १८ जुलै १९१४ रोजी जन्मला. १९३६, १९३७ आणि १९४६ या तीन वर्षी त्याने ‘जिरो दि इतालिया’ ही आपल्या देशाची सर्वांत मोठी सायकलशर्यत जिंकली. १९३८ मध्ये त्याने ‘टूर द फ्रान्स’ जिंकली, आणि मध्यंतरी एक महायुद्ध होऊन गेल्यावर, दहा वर्षांनी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ती पुन्हा जिंकून दाखविली. विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशातील त्याच्या चरित्रलेखाकडे मी प्रथम वळलो तेव्हा त्यात या निर्विवाद मजकुरापलीकडे फारसे काही नव्हते. पुढे २०१३ साली जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने, महायुद्धात ज्यूंचे प्राण वाचविणाऱ्या परधर्मीयांना जो सन्मान दिला जातो तो बार्तालीला मरणोत्तर बहाल केला, आणि तेव्हापासून हा लेख वाढू लागला. त्यानंतरच्या सुमारे दशकभरात त्यात जे फेरफार झाले, ज्या कारणांनी झाले आणि ज्यांच्यासाठी आम्हा संपादकांना चर्चापानावर एकमेकांशी दीर्घकाळ वाद घालावा लागला, त्यांचा हा मागोवा आहे.

शर्यतींच्या निकालांचे काम सोपे होते. स्पर्धांची दप्तरे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत, आणि मिलान–सान रेमो चार वेळा, लोम्बार्दीची शर्यत तीन वेळा, हे आकडे माहितीचौकटीत भरण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. परंतु केवळ निकालांच्या यादीतून मनुष्य दिसत नाही, आणि म्हणून १९३६ च्या जून महिन्यात त्याचा धाकटा भाऊ जूलिओ एका शर्यतीतील अपघाताने मरण पावला व बार्ताली हा व्यवसायच सोडून देण्याच्या विचारापर्यंत आला, ही हकिकत आम्ही विजयांच्या कोष्टकाबाहेर काढून तिला स्वतंत्र परिच्छेद दिला. १९३७ च्या टूरमध्ये नेतृत्वाचा पिवळा सदरा अंगावर असताना तो आल्प्स पर्वतातील एका ओढ्यात कोसळला आणि पुढे त्याला शर्यत सोडावी लागली, हेही त्याच परिच्छेदालगत आले. पराभव आणि शोक यांना विजयाइतकीच जागा मिळाल्यावर तो लेख मला प्रथमच चरित्रासारखा वाटला.

खरी कसोटी लागली ती युद्धकाळाच्या प्रकरणात. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्याने इटलीचा ताबा घेतल्यावर फ्लोरेन्सचे आर्चबिशप कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून बार्ताली सरावाच्या मिषाने सायकलवर फ्लोरेन्सहून आसिसीकडे जात असे, सायकलच्या नळ्यांमध्ये छायाचित्रे व बनावट ओळखपत्रांचे कागद दडवून त्यांची ने-आण करीत असे, आसिसीत लुईजी ब्रीत्सी आणि त्याचा मुलगा त्रेन्तो हे छापखानेवाले ती ओळखपत्रे तयार करीत, आणि या उद्योगातून ८०० ज्यूंचे प्राण वाचले, अशी ती कथा आहे. २०१३ नंतर ही कथा जगभरच्या वर्तमानपत्रांतून आली, आणि ज्ञानकोशातील लेखात ती जशीच्या तशी, कोणतीही शंका न घेता, निवेदकाच्या स्वतःच्या वाणीने सांगितली गेली. तिचे आकर्षण समजण्यासारखे आहे. एका धर्मनिष्ठ खेळाडूने आपल्या कीर्तीचे कवच करून परक्यांचे प्राण वाचवावेत आणि नंतर आयुष्यभर त्याविषयी जाहीरपणे फारसे बोलू नये, हे वाचून ज्याचे मन भरून येत नाही असा वाचक विरळा.

परंतु ८०० ही संख्या आली कोठून? तिचा माग काढू लागल्यावर आम्हांला दिसले की, अनेक वृत्तपत्रे एकमेकांचाच हवाला देत होती, आणि दहा ठिकाणी छापलेल्या विधानाचा उगम पुष्कळदा एकच निघत होता. त्यातल्या त्यात वजनदार दाखला होता तो इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी बार्तालीला मरणोत्तर दिलेल्या नागरी गुणवत्तेच्या सुवर्णपदकाच्या प्रशस्तिपत्राचा, कारण त्यात सुमारे ८०० ज्यू नागरिकांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र ते प्रशस्तिपत्र बारकाईने वाचले तर त्यातील स्थळ उत्तर तोस्काना आणि लुक्का हे आहे. आसिसीचे नाव त्यात नाही. म्हणजे आसिसीच्या फेऱ्यांची हकिकत एका साधनातून आली होती, ८०० ची संख्या दुसऱ्या प्रदेशाविषयीच्या दुसऱ्या साधनातून आली होती, आणि लोकांनी सांगता सांगता दोहोंची गाठ मारून एक अखंड कथा सिद्ध केली होती. या गोष्टीचा उलगडा झाला त्या दिवसापासून लेखातील ते वाक्य आहे तसे राहू देणे आम्हांला अशक्य झाले.

आसिसीच्या कथेचे मूळही असेच तपासावे लागले. अलेक्झांडर रमाती या लेखकाने पाद्री रुफीनो निक्काच्ची यांच्या तोंडची हकिकत म्हणून १९७८ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातून ती मुख्यतः पसरली, आणि त्या पुस्तकाची रचना कादंबरीच्या अंगाने जाणारी आहे. इतिहासकार मिकेले सार्फात्ती यांनी २०१७ मध्ये ओळखपत्रांच्या प्रकरणाची शहानिशा करून उपलब्ध पुराव्याविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. २०२१ मध्ये स्तेफानो पिवातो आणि मार्को पिवातो यांनी तर एक संपूर्ण ग्रंथ लिहून ही कथा रचलेली आहे असा निष्कर्ष मांडला. यांपैकी स्तेफानो पिवातो हे बार्तालीविषयी १९८० च्या दशकापासून लिहीत आलेले इतिहासकार असल्यामुळे, हा आक्षेप कोणा उपऱ्याचा आहे असे म्हणून तो बाजूस सारता येण्याजोगा नव्हता. दुसऱ्या बाजूस, याद वाशेमने आपला सन्मान मागे घेतलेला नाही, आणि फ्लोरेन्समध्ये बार्तालीने एका ज्यू कुटुंबाला आश्रय दिला याविषयी त्या कुटुंबातील मुलाने मोठेपणी दिलेली जबानी ही प्रत्यक्षदर्शी साक्ष आहे.

चर्चापानावर या वेळी जो वाद झाला तो कटू होता. काहींचे म्हणणे असे की, मृत पुरुषाच्या सत्कृत्यावर शंका घेणे हे अनुदारपणाचे आहे, आणि ज्यांनी ज्यूंच्या हत्याकांडाचे अस्तित्वच नाकारले त्यांच्या हाती आपण आयते साधन देत आहोत. काहींचे म्हणणे असे की, नव्या ग्रंथाचा निष्कर्ष हाच आता अखेरचा शब्द मानून जुना मजकूर समूळ काढून टाकावा. पहिल्या पक्षाची कळकळ मला मान्य होती. तरीही मराठी इतिहासलेखनाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला या प्रसंगी वि. का. राजवाडे यांची आठवण होणे अपरिहार्य होते, कारण बखरींवर प्रेम करणाऱ्या समाजासमोर अस्सल पत्रांचे खंडांमागून खंड ठेवून, बखरकाराने सांगितलेली प्रत्येक गोष्ट कागदाशी रुजू घातली पाहिजे हा आग्रह त्यांनी १८९८ पासून धरला, आणि त्यामुळे मराठ्यांच्या इतिहासाविषयीचा आमचा अभिमान कमी झाला असे कोणालाही म्हणता येणार नाही. उलट जी कथा पुराव्याच्या पलीकडे ताणली जाते, तीच खोटे ठरविण्याची संधी शोधणाऱ्याला सर्वांत सोपी सापडते. बार्तालीविषयी ज्यांना आदर आहे त्यांनीच ही तपासणी अधिक कसोशीने करावी, असे मी तेव्हा लिहिले आणि आजही मानतो.

विकिपीडियाच्या नियमांप्रमाणे संपादकाने स्वतःचे संशोधन लेखात घालावयाचे नसते, आणि म्हणून न्यायनिवाडा करण्याचा अधिकारही त्याचा नसतो. या मर्यादेचा मला अनेकदा जाच वाटला. परंतु या प्रकरणात तिचाच मोठा आधार झाला. अखेरीस जो मजकूर स्थिर झाला त्यात आश्रय दिलेल्या कुटुंबाची गोष्ट साक्षीदाराच्या हवाल्याने आली. आसिसीच्या फेऱ्यांची गोष्ट ती कोणी व केव्हा सांगितली हे नमूद करून आली. ८०० ही संख्या प्रशस्तिपत्राच्या नावावर गेली. याद वाशेमचा २०१३ चा निर्णय आला. आणि त्यालगतच सार्फात्ती व पिवातो यांचे आक्षेप, त्यांच्या वर्षांसह, आले. प्रस्तावनेतून संख्या काढून टाकली. २०१८ मध्ये जिरो दि इतालियाचा आरंभ जेरुसलेममध्ये झाला आणि त्या वेळी बार्तालीचे स्मरण केले गेले, हे वाक्य मात्र राहिले, कारण त्या स्मरणाविषयी शंका नाही.

या अनुभवानंतर १९४८ च्या प्रकरणाकडे पाहण्याची आमची दृष्टीही बदलली. १४ जुलै १९४८ रोजी रोममध्ये साम्यवादी पक्षाचे नेते पाल्मीरो तोल्याती यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, देशभर सार्वत्रिक संप पेटला, यादवीची भीती निर्माण झाली, आणि त्या दिवशी टूर द फ्रान्समधील स्पर्धक कान येथे विश्रांती घेत असताना पंतप्रधान आल्चीदे दे गास्पेरी यांनी बार्तालीला दूरध्वनी करून जिंकण्याची विनंती केली, अशी आख्यायिका आहे. त्या क्षणी तो आघाडीवरील लुईझाँ बोबेच्या २१ मिनिटांहून अधिक मागे होता. १५ जुलैला आलोस, व्हार्स आणि इझोआर हे घाट ओलांडून त्याने ब्रियाँसाँ गाठले, तो टप्पा जिंकला आणि हे अंतर जेमतेम एका मिनिटावर आणले; १६ तारखेला एक्स-ले-बँ येथे त्याने पिवळा सदरा मिळविला; त्यानंतर लोझानचा टप्पाही त्याचाच झाला; आणि पॅरिसला पोहोचला तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरील ब्रिक स्कोट्ट याच्या तो २६ मिनिटे १६ सेकंद पुढे होता. क्रीडेतिहासात या पराक्रमाला तोड नाही, आणि त्याच्या वर्णनात मी विशेषणांचीही काटकसर केली नाही, फक्त प्रत्येक विशेषण तत्कालीन वार्ताहराच्या नावावर टाकले.

परंतु बार्तालीने इटलीला यादवीतून वाचविले, हे विधान निराळ्या जातीचे आहे. संप मागे घेण्याचा निर्णय कामगार संघटनेच्या नेतृत्वाने घेतला आणि १६ जुलैच्या दुपारी संप थांबला. पिवळा सदरा त्याच दिवशी, परंतु टप्पा संपल्यावर, म्हणजे त्यानंतर मिळाला. या दोन तारखा लेखात शेजारी शेजारी ठेवल्या तर वाचक आपणच काय ते समजेल, असे एका सहसंपादकाचे म्हणणे होते. परंतु तारखांची अशी मांडणी हाही एक अनुमानाचाच प्रकार असल्यामुळे, आम्ही जॉन फूट या इंग्रज इतिहासकाराने इटालियन सायकलशर्यतींवरील २०११ च्या ग्रंथात या आख्यायिकेची जी चिकित्सा केली आहे तिचा आधार घेतला. दूरध्वनीची हकिकत बार्तालीच्या स्वतःच्या सांगण्यावर टाकली. वातावरण निवळण्यास त्या विजयांचा हातभार लागला असे त्या काळच्या अनेकांना वाटले, हे वाटणे स्वतःच ऐतिहासिक सत्य आहे, आणि त्याची नोंद त्याच शब्दांत केली.

१९५२ च्या टूरमधील त्या सुविख्यात छायाचित्राचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. प्रतिस्पर्धी फाउस्तो कॉप्पी पुढे आहे, बार्ताली मागे आहे, दोघांच्या हातांमध्ये बाटली आहे. ती कोणी कोणाला दिली यावर इटलीत आजवर एकमत नाही. छायाचित्राखालच्या ओळीत दोघांची नावे, शर्यत, वर्ष आणि ‘बाटलीची देवघेव’ एवढेच ठेवले.

लेखाचा सर्वांत दुबळा भाग अजूनही १९५४ नंतरचा आहे. निवृत्तीपासून ५ मे २००० रोजी फ्लोरेन्समध्ये झालेल्या मृत्यूपर्यंतची शेहेचाळीस वर्षे तेथे दोन परिच्छेदांत आटोपली आहेत. वास्तविक बार्ताली नंतर संघव्यवस्थापक झाला, आणि ज्याच्याशी त्याचे वैर साऱ्या इटलीने दोन तट पाडून जपले होते त्या कॉप्पीने १९५९ च्या अखेरीस याच बार्तालीच्या सान पेल्लेग्रीनो संघात उतरण्याचे ठरविले होते. २ जानेवारी १९६० रोजी हिवतापाने कॉप्पीचा अंत झाल्यामुळे तो हंगाम आलाच नाही. या कराराविषयीचा मजकूर सध्या माझ्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या मसुद्याच्या पानावर आहे. समकालीन इटालियन वृत्तपत्रांतील दाखला जोडून झाला की तो मुख्य लेखात चढविण्यापूर्वी चर्चापानावर ठेवीन, कारण त्यातील एका वाक्यात दोघांच्या समेटाचा उल्लेख आहे आणि त्याला अद्याप ‘संदर्भ हवा’.