बिनमालकाची सभा

माणूस पितो हे गल्लीत कुणापासून लपलेलं नसतं. गटारीकाठी पडलेला, हातगाडीवर घालून घरी आणलेला असा त्याला सगळ्यांनी पाहिलेला असतो. लपवावंसं वाटतं ते वेगळंच : तो सोडायच्या नादाला लागलाय, हे. ते कळलं की टपरीवर पैजा लागतात, आणि पुन्हा घेतली तर जुन्या बेइज्जतीत नवी भर पडते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे 'ए.ए.'च्या सभेत आडनाव विचारत नाहीत, ते मला यासाठी शहाणपणाचं वाटतं.

मूळ अमेरिकेतलं. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी एका सौद्यासाठी गेला आणि सौदा फिसकटला. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, त्यात हॉटेलातच बार. तिकडे वळण्याऐवजी त्याने चर्चच्या यादीवरून फोन लावायला घेतले : मला एखादा दारुडा गाठून द्या! ओळखीओळखीतून डॉ. बॉब स्मिथ नावाचा सर्जन सापडला. पाव तासाच्या बोलीवर आलेला हा गृहस्थ सहा तासांच्या वर बसला, कारण विल्सनने उपदेशाचा शब्दही न काढता स्वतःचीच हकिगत सांगितली. तीही स्वतःला वाचवायला. स्मिथने १० जूनला शेवटचा घोट घेतला आणि तीच संस्थेची जन्मतारीख ठरली. ऐकणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याला गरज जास्त, या एका शोधावर पुढचा सारा डोलारा उभा आहे.

१९५७ मध्ये ए.ए. मुंबईत आली. आज महाराष्ट्रात तिच्या सभा मराठी, हिंदी, इंग्रजीत चालतात. कुठे चर्चच्या हॉलमध्ये, कुठे शाळेच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून. त्या दिवसापुरता एकजण अध्यक्ष. प्रास्ताविक वाचून होतं, मग एकेक जण उभा राहतो : 'माझं नाव अमुक, मी मद्यपी आहे.' पुढे बायकोचं मंगळसूत्र विकल्याची गोष्ट असेल, नाहीतर काल पगार होऊनही सरळ घरी गेल्याची. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. पुष्कळदा हशाही पिकतो. घरच्यांना ज्या गोष्टीचं रडू येतं तिलाच इथे हसतात, म्हणून नवखा बिचकतो. पण ते हसणं त्याच वाटेने गेलेल्यांचं असतं.

शेवटी डबा फिरतो. त्यात फक्त सदस्यांनी टाकायचं. बाहेरची देणगी चालत नाही. १९३८ मध्ये अमेरिकेतला धनाढ्य रॉकफेलर याच्याकडे मोठ्या रकमेची आशा धरली होती, त्याने पाच हजार डॉलर दिले आणि जास्त पैशाने हे काम नासेल असं बजावलं. पुढे तोच नियम झाला. प्रवेशाची अट एकच, पिणं थांबवायची इच्छा.

आपल्याकडे दारू सोडायची जुनी रीत माळेची. पांडुरंगाची माळ गळ्यात पडली की गाव दोन पावलं मागे सरतं, आग्रह करत नाही. दिंडीची सोबतही मिळते. पण माळ जन्माची. ती तुटली की लाजेने माणूस आणखी बुडतो. ए.ए. जन्माचं काही मागतच नाही. फक्त आजचा दिवस, आणि फक्त पहिला पेला टाळायचा. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा मोडून बसलेल्याला ही सवलत मोठी वाटते. 'स्लिप' झालेलाही, म्हणजे पुन्हा प्यायलेलाही, परत येऊन बसतो, त्याला बाहेर काढत नाहीत. ए.ए.चा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा, त्यांतला देव मात्र काहींच्या घशाखाली उतरत नाही. देव आपापल्या समजुतीचा, अशी मुभा असली तरी नास्तिकाला तिथे अवघडल्यासारखं होतं, हे मान्य करायला हवं.

सभा म्हणजे औषधोपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो. तेव्हा आधी डॉक्टर. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रात राहून उपचार होतात. घरी परतल्यावरच्या लांबलचक संध्याकाळींसाठी पाठपुराव्याचे गट लागतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार दारूचं अवलंबित्व जडलेल्या ३८ जणांतल्या जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतात. उरलेल्यांसाठी जवळची सभा हाच परवडणारा पर्याय.

ती शोधायची कशी? १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही विचारता येतं. घरच्यांना बरोबर जायचं असेल तर 'खुली सभा' कधी आहे ते विचारावं, बंद सभेत फक्त पिण्याचा त्रास असलेलेच बसतात. पिणारा यायलाच तयार नसेल तर बायकोने एकटीने जावं : नातेवाइकांसाठी अल-अ‍ॅनन आहे, मुक्तांगणात 'सहचरी' आहे. बाईच पीत असेल तर पुरुषांनी भरलेल्या खोलीत पाऊल टाकणं जड जातं; केवळ स्त्रियांची सभा आहे का, ते फोनवरच विचारून घ्यावं. पहिला समूह पटला नाही तर दुसरा धरावा. भांडणं तिथेही होतात. मालक नाही, मालमत्ता नाही, त्यामुळे वाटणीचा प्रश्न येत नाही. रुसलेले दोघे पलीकडच्या शाळेत दुसऱ्या वारी वर्ग मागतात आणि नवा समूह सुरू होतो.