कोरियातील पहारा

परदेशी रवाना होणाऱ्या शांतिसेनेची वार्ता आपली वर्तमानपत्रे बहुधा निरोपाच्या बँडवर आणि परतीच्या हारतुऱ्यांवर संपवितात. मधल्या काळात प्रत्यक्ष काम कोणते घडते, हे 1953 सालच्या कोरियातील भारतीय अभिरक्षक दलाच्या हकिकतीवरून जितके कळते, तितके अन्यत्र क्वचितच कळेल.

युद्धविराम झाला, तरी मायदेशी परतण्यास नाखूष असे बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी उरले आणि त्यांच्या बंदोबस्ताची जोखीम भारताने पत्करली. परंतु दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय शिपायास आपल्या भूमीवर पाऊल ठेवण्याची मनाई केल्यामुळे, बोटीने आलेल्या फौजेला हेलिकॉप्टरांतून निर्लष्करी पट्ट्यात नेण्याची पाळी आली. यजमानांचे हे अगत्य अपूर्वच म्हणावयाचे!

या कैद्यांच्या प्रश्नासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे, तर दलाचे आधिपत्य कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात यांच्याकडे होते. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास ओलीस धरले, तेव्हा गोळीबाराचा हुकूम सोडणे सोपे असताही, थोरात स्वतः त्या जमावात शिरले आणि बोलाचाली करून त्याला सोडवून आले.

अभिरक्षेची मुदत सरल्यावर, 1954 च्या जानेवारीत, उरलेले कैदी त्यांना पूर्वी कैदेत ठेवणाऱ्या पक्षांच्याच स्वाधीन करण्यात आले. बहुसंख्यांनी स्वदेशी जाण्यास अखेरपर्यंत नकारच दिला होता.