लाईट गेली म्हणून कुणाचा जीव जाऊ नये

सोलापूरकरांना हे सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे सरकतो, संध्याकाळी वळवाचा वारा सुटतो, चार थेंब पडतात आणि लाईट जाते. कधी तासाभरात येते, कधी रात्र काढावी लागते. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुरात जिल्ह्यातल्या किती गावांना अंधारात राहावे लागले ते आपण पाहिले आहे. ज्यांना परवडते त्यांनी इन्व्हर्टर घेतले. यंत्रमागवाले, दुकानदार, मंडपवाले आणि घरात कुणी आजारी असलेली कुटुंबे आता पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटरही विकत किंवा भाड्याने आणू लागली आहेत.

आरोग्याच्या पानावर जनरेटर कशाला, असे काहींना वाटेल. आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्य बैठका घेतो तेव्हा हा विषय बायकाच काढतात. "सासऱ्यांना ऑक्सिजनचं मशीन लावलंय, लाईट गेली की काय करायचं?" "इन्सुलिन खराब होतं का हो?" या प्रश्नांची उत्तरे द्यायची तर जनरेटरबद्दल बोलावेच लागते. शॉक लागलेले, भाजलेले आणि धुराने गुदमरलेले रुग्ण शेवटी दवाखान्यातच येतात. ते येऊ नयेत म्हणून हा लेख.

दोन्हीकडे पिना असलेली वायर

जनरेटर आणल्यावर सगळ्यांत सोपा वाटणारा उपाय बहुतेक घरांत एकच केला जातो. वायरीच्या दोन्ही टोकांना पिना बसवायच्या, एक टोक जनरेटरमध्ये आणि दुसरे घरातल्या एखाद्या सॉकेटमध्ये खुपसायचे. घरातले सगळे दिवे लागतात. काम झाले असे वाटते.

या वायरीचे तीन धोके आहेत. पहिला डोळ्यांना दिसणारा. जनरेटर चालू असताना घराकडची पिन निघाली तर हातात उघडी, जिवंत पितळी पिन येते. २३० व्होल्ट. शेजारी लहान मूल असेल तर पुढचे सांगायला नको.

दुसरा धोका लाईट परत येते त्या क्षणाचा. मेन स्विच चालूच राहिला असेल तर महावितरणची वीज आणि जनरेटरची वीज एकाच तारेवर समोरासमोर येतात. दोघांची लय जुळलेली नसते. जनरेटर जळतो, वायरिंग तापते, आग लागू शकते.

तिसरा धोका आपल्याला दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांत वाईट. आपण ज्याला डीपी म्हणतो तो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टची वीज घरगुती दाबावर उतरवतो. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. आपल्या घरातून मेन स्विचमार्गे २३० व्होल्ट उलटे बाहेर गेले, तर तोच डीपी त्यांना चढवून वरच्या तारांवर सुमारे १० हजार व्होल्ट करतो. त्या वेळी खांबावर कोण असतो? लाईट आणायला आलेला लाईनमन. त्याने सप्लाय बंद करून घेतलेला असतो. ही वीज मात्र सबस्टेशनमधून येत नाही, दोन गल्ल्या पलीकडच्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून येते.

बैठकीत एखादा भाऊ म्हणतो, "एवढासा जनरेटर अख्ख्या पेठेचा लोड ओढेल का? लगेच बंद पडेल." पुष्कळदा खरोखर बंद पडतो. पण तार जवळच तुटलेली असेल, किंवा डीपीवरचे फ्यूज काढलेले असतील, तर जनरेटरवर फक्त तुमचे आणि शेजारची दोन-चार घरे एवढाच लोड राहतो आणि तो चालू राहतो. बंद पडणार असला तरी पडायच्या आधीचा क्षण शॉक द्यायला पुरेसा आहे.

"आम्ही मेन स्विच आठवणीने बंद करतो," असेही ऐकू येते. रात्री दोन वाजता, अंधारात, पेशंट धापा टाकत असताना आठवण राहीलच असे नाही. आज तुम्ही घरी आहात, उद्या बारावीतला मुलगा जनरेटर लावेल. शिवाय पुष्कळ जुन्या घरांत मेन म्हणून एकच कट-आउट असतो. तो काढला तरी न्यूट्रलची तार बाहेरच्या लाईनला जोडलेलीच राहते. कुणाचा तरी जीव एका माणसाच्या आठवणीवर टांगून ठेवू नये.

खांबावर चढणाऱ्यांमध्ये कंत्राटी आणि बाह्यस्रोत कामगार मोठ्या संख्येने आहेत. ही आपल्याच वस्तीतली आयटीआय झालेली मुले आहेत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते तेव्हा विजेच्या नियोजनाचा विषयही त्याच खात्याकडे होता. वीज आणि ती घरोघर पोहोचवणारा कामगार, हे दोन्ही विषय आपल्याला परके नाहीत.

मग जोडायचा कसा?

दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग बिनखर्चाचा, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्यांसाठी तोच चांगला. घराच्या वायरिंगला हातच लावायचा नाही. जनरेटर बाहेर ठेवायचा, त्याच्या सॉकेटमधून तीन तारांची जाड एक्स्टेन्शन वायर आत आणायची आणि पंखा, दिवा, मशीन थेट तिच्या बोर्डाला लावायचे. वायर गुंडाळलेली ठेवू नये, तापते. दरवाजात चेपली जाऊ नये, पाण्यातून जाऊ नये.

दुसरा मार्ग चेंजओव्हर स्विचचा. त्याच्या दांडीच्या तीन जागा असतात: एका बाजूला महावितरण, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला जनरेटर. दांडी एका वेळी एकाच जागी राहू शकते. म्हणजे दोन्ही सप्लाय एकत्र येणे यंत्राच्या रचनेतच अशक्य असते, कुणाच्या आठवणीची गरज उरत नाही. वायरमनला या गोष्टी विचारून घ्या:

सिंगल फेज घराला दोन पोलचा चेंजओव्हर लागतो, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. थ्री फेज असेल तर चार पोलचा. तो मीटर आणि मेन स्विचच्या पुढे बसतो आणि मेनच्या क्षमतेपेक्षा कमी अँपिअरचा चालत नाही.

जनरेटरची वायर घराला जोडायला भिंतीवर खास इनलेट बसवावा. त्यात पिना भिंतीकडच्या खोबणीत असतात आणि वायरीच्या टोकाला सॉकेट असते. वायर निसटली तरी जिवंत पिन उघडी पडत नाही.

अर्थिंग तपासून घ्या. सोलापूरच्या मुरमाड, कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कमजोर पडते, खड्ड्यात पाणी घालावे लागते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर याच वेळी बसवा. शॉक लागला तर ती क्षणात सप्लाय तोडते. मात्र जनरेटरवर असतानाही ती काम करेल अशी न्यूट्रल-अर्थिंगची जोडणी आहे ना, ते वायरमनकडून तपासून घ्या.

हे काम परवानाधारक ठेकेदार आणि परमिटवाल्या वायरमनकडूनच करून घ्यावे, असा नियम आहे. ओळखीचा पोरगा "दोनशे रुपयांत करून देतो" म्हणाला तरी त्याचे परमिट विचारा. विचारण्यात अपमान काही नाही.

लावतानाचा क्रम दरवाजामागे कागदावर लिहून चिकटवा. घरातली सगळी बटणे बंद. जनरेटर बाहेर सुरू करून दोन मिनिटे चालू द्या. चेंजओव्हर जनरेटरवर. मग एकेक बटण चालू. लाईट आल्यावर पुन्हा सगळी बटणे बंद, चेंजओव्हर महावितरणवर, शेवटी जनरेटर बंद. पेट्रोल तो थंड झाल्यावरच भरायचे, आणि भरताना जवळ विडी-काडी नको.

किती केव्हीएचा?

एक केव्हीएचा जनरेटर साधारण ८०० वॅट देतो. दोन पंखे १५० वॅट, चार एलईडी दिवे ३६, पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३५०, फ्रीज १५०. बेरीज ६८६. बसते असे वाटते. पण फ्रीजची मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट वीज ओढते आणि तेवढ्यात दाब पडून कॉन्सन्ट्रेटर बंद होऊ शकतो. म्हणून या घराला दोन केव्हीएचा जनरेटर हवा, किंवा पेशंटच्या मशीनवेळी फ्रीज बंद ठेवायला हवा. पाण्याची मोटर, इस्त्री, गिझर जनरेटरवर लावूच नका.

धूर दिसत नाही तो मारतो

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या याच वायूच्या. अमेरिकेत फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात हिमवादळाने वीज गेली, तेव्हा घरात किंवा गॅरेजमध्ये जनरेटर लावून कुटुंबेच्या कुटुंबे या विषबाधेने रुग्णालयात गेली.

आपल्याकडे चोरी होईल, पाऊस लागेल, शेजारी आवाजाची तक्रार करतील, म्हणून जनरेटर जिन्याखाली, बोळात, पोर्चमध्ये किंवा गॅलरीत ठेवतात. हे करू नका. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. दार-खिडकीपासून किमान वीस फूट दूर, मोकळ्यावर, धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला हवे. दाटीच्या वस्तीत एवढी जागा कुणाच्याच दारात नसते. अशा ठिकाणी चार घरांनी मिळून विहाराच्या मोकळ्या अंगणात जनरेटर ठेवावा आणि पेशंटला तिथल्या खोलीत आणावे. खोलीची दारे-खिडक्याही वीस फुटांच्या पलीकडे हवीत.

डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, उलटी, झोप येणे ही लक्षणे. घरातल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी सुरू झाली तर जेवणाला दोष देऊ नका, आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा. आणखी एक सांगणे महत्त्वाचे आहे: बोटाला लावायचे ऑक्सिमीटर यात फसवते. ते ९८ दाखवते आणि माणूस गुदमरत असतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर सुमारे दीड तास. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून घरी थांबू नये.

घरात पेशंट असेल तर

कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्या घरी एक भरलेला छोटा ऑक्सिजन सिलिंडर हवाच. जनरेटर सुरू होईपर्यंतचा वेळ तो सांभाळतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. लाईट गेल्यावर फ्रीज उघडू नका, गारवा काही तास टिकतो. वापरात असलेल्या बाटलीला फ्रीज लागत नाही, पण आपल्या मे महिन्यातली खोली तिला गरम पडते. एका मडक्यात ओली वाळू, तिच्यात दुसरे लहान मडके, त्यात प्लास्टिकच्या डब्यात बाटली आणि वरून ओले फडके. सावलीत ठेवा.

शॉक लागला तर

माणसाला हात लावू नका. आधी जनरेटर आणि मेन, दोन्ही बंद करा. जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर दूर सारा. खांबावरच्या तारेचा शॉक असेल तर जवळही जाऊ नका, १९१२ वर फोन करून सप्लाय बंद करायला सांगा. माणूस सुटा झाल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. भाजल्यावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको. माणूस उठून बसला, चहा प्याला, तरी त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. विजेने आतले स्नायू आणि हृदय बिघडते, ते वरून दिसत नाही. लघवी चहाच्या रंगाची झाली तर उशीर करू नका.

पुढच्या जयंतीआधी

जयंतीच्या मंडपाला तात्पुरती वीजजोडणी महावितरणकडून मिळते, ती घ्यावी. जनरेटर लागणारच असेल तर मंडपाचे वायरिंग स्वतंत्र ठेवा, रस्त्यावरच्या खांबाला त्याचा स्पर्श नको. मंडळाच्या बैठकीत देखाव्याचा हिशेब होतो तेव्हाच चेंजओव्हर, आरसीसीबी आणि परमिटवाला वायरमन यांचाही हिशेब करा. महिला मंडळांनी आपल्या गल्लीत कुणाकडे जनरेटर आहे, कुणाकडे पेशंट आहे, याची यादी पावसाळ्याआधी करावी. आणि दोन्हीकडे पिना असलेली वायर ज्या घरात दिसेल, तिची एका बाजूची पिन त्याच दिवशी कापून काढायला सांगा.