नस तर काढली, मग ठणका कसला?

नंदुरबार जिल्ह्यात, आमच्या विसरवाडीकडे दाढ दुखायला लागली की पहिला इलाज घरातच होतो. लवंग, नाहीतर दाढेत दाबलेली तंबाखूची चिमूट. त्याने भागलं नाही की नवापूर, नंदुरबार, धुळे, कधी थेट सुरत. तिथे रूट कॅनाल होतं, दाढ बधिर असते, माणूस हायसं वाटून एसटीत बसतो. भूल उतरते ती दोन-तीन तासांनी, म्हणजे वाटेत किंवा घरी पोचल्यावर. रात्री भाकरीचा पहिला तुकडा चावला की कळ मस्तकात जाते आणि वाटतं, डॉक्टरांनी काम बिघडवलं.

बहुतेक वेळा तसं नसतं. दाढेचं मूळ हाडात थेट रोवलेलं नसतं. दोघांच्या मध्ये तंतूंची एक गादी असते, जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीची. डॉक्टर काढतात ती दाढेच्या आतली नस. या गादीच्या नसा जिवंतच राहतात. बारीक तारेसारख्या फाइलींनी मुळातली नळी घासताना, औषधाने धुताना मुळाच्या टोकाशी ही गादी चिडते, आणि आधीच पू धरलेला असेल तर जास्तच. म्हणून दाढ दाबली की दुखते. हे दुखणं पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतं, मग उतरत जातं. चावताना थोडं हुळहुळणं आठवडाभरही राहू शकतं.

ठणका सुरू होण्याची वाट बघत बसू नये, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भूल उतरण्याआधीच पहिली गोळी पोटात गेलेली बरी. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी या दुखण्यावर चांगली चालते. किती आणि कधी घ्यायची, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं. पोटात अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. मेडिकलवरच्या एखाद्या गोळीत ही दोन्ही औषधं एकत्रच असतात. तिच्यावर आणखी पॅरासिटामॉल घेतलं की डोस नकळत वाढतो. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचा आजार गावोगाव आहे. तो असलेल्यांनी डॉक्टरांच्या खुर्चीत बसण्याआधीच सिकलसेलचं कार्ड दाखवावं, कारण दाढेतला जंतुसंसर्ग आणि पाणी कमी पडणं, दोन्हींनी अंगदुखीचा झटका येऊ शकतो. दाढ दुखते म्हणून पाणी पिणं कमी करू नये.

गालावर बाहेरून गार पाण्याची पट्टी दहा-पंधरा मिनिटं ठेवावी. गरम शेक नको, त्याने सूज वाढू शकते. हिरडीवर गोळी कुटून लावण्याचा प्रकार तर मुळीच नको, तिथली कातडी भाजते. नुसत्या ठणक्यावर अँटिबायोटिकचाही उपयोग नाही. ही औषधं सूज किंवा ताप असेल तरच, तीही डॉक्टर देतील तेव्हाच.

आणि एक साधी गोष्ट. भरलेलं सिमेंट केसभर उंच राहिलं तर प्रत्येक घासाला सगळा भार त्याच दाढेवर येतो. दोन-तीन दिवसांनंतरही दात मिटताना तीच दाढ आधी टेकत असेल तर परत जावं. डॉक्टर दातांमध्ये रंगीत कागद धरून चावायला लावतात, डाग उमटेल तिथे थोडं घासतात, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच आराम पडतो.

गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरायला लागली, ताप चढला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर मात्र सकाळच्या गाडीची वाट पाहू नये. मिळेल त्या वाहनाने रात्रीच दवाखाना गाठावा.