जळजळ आणि जागरण

मी राहतो ते जांब समर्थ हे घनसावंगी तालुक्यातले गाव रामदासांचे जन्मगाव म्हणून आपल्याला ठाऊक आहे. दासबोधाच्या अठराव्या दशकात झोपेवर एक स्वतंत्र समास आहे. झोपलेल्यांच्या नाना तऱ्हा त्यात रंगवल्या आहेत. आज बोलायचे आहे ते ज्यांना झोप लागत नाही त्यांच्याविषयी. त्यातही ज्यांच्या घशाशी येते त्यांच्याविषयी.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. ते अवेळी सैल पडले की आम्ल वर चढते. जागेपणी आपण थुंकी गिळत असतो, त्याने ते खाली जाते. झोपेत थुंकी कमी सुटते, गिळणेही मंदावते. म्हणून जळजळीने जाग येते. उलट, झोप पुरी न झालेल्याला तेवढेच आम्ल अधिक झोंबते. असे हे दुहेरी चक्र आहे. झोपेच्या काही गोळ्या जागच येऊ देत नाहीत. मग आम्ल अन्ननलिकेत जास्त वेळ साचून राहते. दारूने तर ते कडेच सैल पडते.

यावर गोळीवाचूनचा एक उपाय आहे, वर्तनोपचार. 2016 साली अमेरिकेतील तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून त्याचीच शिफारस केली. त्यातले एक सूत्र 1972 मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी मांडले: अंथरूण झोपेसाठीच. झोप येईना तर उठून दुसरीकडे बसावे, डोळे जड झाल्यावरच परत यावे. दुसरे सूत्र आर्थर स्पीलमन यांचे, 1987 मधले. समजा, माणूस रात्री नऊ ते सहा पडून असतो, पण झोपतो साडेपाच तास. त्याने काही दिवस साडेबाराला आडवे व्हावे, सहाला उठावे. झोप सलग होऊ लागली, की आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवावीत.

पित्तवाल्यांना हे दुहेरी उपयोगी पडते. उठून बसले की आम्ल खाली उतरते, आणि जेवण व झोप यांत अंतर पडते. मात्र जागताना चहा, चिवडा नको. जेवण झोपण्यापूर्वी तीन तास आधी घ्यावे, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली वीतभर उंचीच्या विटा द्याव्यात, डाव्या कुशीवर निजावे. रमजानमध्ये सहेरी करून लगेच आडवे होण्याची आमच्या घरांतली सवयही सोडलेली बरी.

हा उपचार आता मोबाइलवरही मिळतो. रोज झोपेची नोंद करायची, आठवड्याला एक पाठ, असे साधारण सहा-आठ आठवडे. ज्याला रात्रपाळीच्या विजेमुळे मोटार चालू करायला शेतात जावे लागते, त्याला शहरातल्या तज्ज्ञाकडे दर आठवड्याला जाणे कुठले परवडणार? त्याला घरबसल्या सल्ला मिळणे मोलाचे आहे. चिंतेने झोप उडाली असेल, तर 2022 पासून सुरू असलेल्या टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

एक सावधगिरी. फेफरे येणाऱ्यांनी, तसेच ट्रक, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी झोपेचे तास स्वतःच्या मनाने कमी करू नयेत. घास अडकणे, काळी शौचास होणे, वजन उतरणे, छातीत दुखणे यांपैकी काही असेल, तर मोबाइल बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा. पित्ताच्या नावाखाली हृदयविकार अंगावर काढलेली माणसे गावोगाव आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)