भातगिरणीचा प्रस्ताव एआयकडून लिहून घेताना

भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत मुख्य पीक भाताचं, आणि त्यातही मागणी इंद्रायणीला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली आलेलं हे सुवासिक वाण आता पुण्यातल्या घराघरांत शिजतं. समजा, दहा जणींच्या एका बचत गटाला छोटी गिरणी टाकायची आहे, भात भरडून तांदूळ पिशवीबंद विकायचा आहे. यंत्राला कर्ज हवं, कर्जाला प्रकल्प अहवाल हवा. आजवर हा अहवाल तालुक्याच्या गावी कुणाकडून तरी पैसे देऊन करून घ्यावा लागे. आता तो मोबाइलवर चॅटजीपीटी किंवा जेमिनीकडून मराठीत लिहून घेता येतो. मात्र कामाचा क्रम चुकला, तर देखणा पण खोटा अहवाल हाती येतो.

पहिलं काम मोबाइल बाजूला ठेवून करायचं. एका कागदावर गटाला ठाऊक असलेल्या गोष्टी लिहायच्या: घरी खायला ठेवून प्रत्येकीचं विकण्याजोगं भात किती क्विंटल, गेल्या हंगामात भाव काय मिळाला, यंत्राचं कोटेशन किती रुपयांचं, जागा कुणाच्या नावावर, वीजजोडणी कसली, भरडाईला सध्या किती पैसे मोजता, तांदूळ घेणारी गिऱ्हाइकं कोण. जे ठाऊक नाही तिथे जागा कोरी सोडायची. ही कोरी जागा फार मोलाची, कारण एआयचा स्वभाव ती भरून टाकण्याचा आहे. असंख्य मजकूर वाचून, कशापुढे काय येण्याचा संभव जास्त, हे ते शिकलेलं असतं. गिरणीचा अहवाल मागितला की गिरणीच्या अहवालांत सहसा जे असतं ते लिहितं. तुमच्या खळ्यावर किती भात पडलं, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायला मार्ग नाही.

म्हणून त्याला सूचनाही तशीच द्यायची. बोलून दिली तरी चालते: ‘मी बचत गटाची सदस्य आहे. खालच्या माहितीवरून भातगिरणीचा प्रकल्प अहवाल लिहायचा आहे. लगेच लिहू नकोस. आधी जी माहिती कमी आहे ती एकेक प्रश्न विचारून घे. माझ्याकडे नसलेला आकडा स्वतः घालू नकोस, तिथे “माहिती हवी” असं लिही. प्रत्येक हिशेब कसा केला ते दाखव.’ आधार क्रमांक, बँक खातं, सदस्यांचे फोन यातलं काहीही टाइप करायचं नाही. ते छापील अर्जावर हातानं भरता येतं.

आता खरा भाग, तपासणीचा. इथे घाई करू नये.

असा अहवाल बहुधा ठोकळ गृहीतं धरून येतो: वर्षाचे 300 दिवस काम, रोज 5 क्विंटल भात, म्हणजे 1,500 क्विंटल. गटाचं स्वतःचं विकण्याजोगं भात दहा जणींचं प्रत्येकी 15 क्विंटल धरलं, तर 150 क्विंटल. ते तीस दिवसांत संपतं. उरलेले 270 दिवस गिरणी कशावर चालणार? गटानं बेतानं 120 दिवस धरले तरी 600 क्विंटल लागतं, आणि 450 क्विंटल विकत घ्यावं लागतं. भाव 3,000 रुपये धरला तर हे साडेतेरा लाख झाले. एआयच्या अहवालात खेळत्या भांडवलाखाली मात्र एका महिन्याचा माल दिसेल: 125 क्विंटल, पावणेचार लाख. दर महिन्याला कच्चा माल मिळणाऱ्या धंद्यात ही रीत ठीक आहे. पण आपल्याकडे भात निघतं ते खरिपात, दिवाळीच्या आगेमागे, आणि स्वस्तात मिळतं तेही तेव्हाच. पैसे एकदम लागतात आणि तांदूळ वर्षभर विकला जातो. अनेक प्रस्ताव वाचताना मला हीच जागा सर्वांत कच्ची वाटते. उपाय आहे: विकतचं भात कमी धरायचं आणि गावाचं भात भरडून देण्याची मजुरी उत्पन्नात घ्यायची. अहवालातला नफा घटेल, पण तो खरा असेल.

दुसरी जागा उताऱ्याची. शंभर किलो भातातून कणी धरून साधारण 65 किलो तांदूळ मिळतो, बाकी तूस आणि कोंडा. एआय सगळे 65 किलो अख्ख्या इंद्रायणीच्या भावानं विकून टाकेल. कणीचा भाव वेगळा लावून घ्या.

तिसरी अनुदानाची. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान आहे आणि किमान 10 टक्के स्वतःचे घालायचे असतात. प्रकल्प 8 लाखांचा असेल तर स्वतःचे 80 हजार, कर्ज 7 लाख 20 हजार, अनुदान 2 लाख 80 हजार. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत राहतं, आणि तीन वर्षांनी खातं नियमित व उद्योग चालू असेल तर कर्जात वळतं होतं. ‘अनुदानातून पहिली खरेदी’ असं वाक्य अहवालात आलं की खोडा. योजनांचे नियम आणि मुदती बदलतात, तेव्हा टक्केवारी एआयवर न सोडता तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. अहवाल करायला मदत करणारी जिल्हा संसाधन व्यक्तीही या योजनेत नेमलेली असते. तुमचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवा.

एक बारीक पण अडवणारी गोष्ट: वेल्हे तालुक्याचं नाव सरकारनं राजगड केलं आहे. एआय कधी हे लिहील, कधी ते, आणि जुन्या कागदांवर वेल्हेच असेल. सगळीकडे ‘राजगड (पूर्वीचा वेल्हे)’ असं एकसारखं ठेवलं की शंका उरत नाही.

सादरीकरण, म्हणजे पुण्यातल्या सोसायट्यांना किंवा दुकानदारांना दाखवायच्या स्लाइड, हे त्या मानानं सोपं काम. अहवाल पक्का झाल्यावर त्यावरूनच सहा स्लाइड मागायच्या, एका स्लाइडवर एकच मुद्दा. ‘सह्याद्रीच्या कुशीत’सारखी विशेषणं काढायला सांगा, त्याऐवजी वाण, काढणीचा महिना, भरडल्याची तारीख आणि घरपोच भाव लिहा. गिऱ्हाईक तेच विचारतं. एआयनं काढलेलं गिरणीचं चित्र लावू नका. खाचराचा, खळ्याचा, गटाचा मोबाइलवर काढलेला फोटो लावा. जे अजून उभं नाही ते उभं आहे असं दाखवणं म्हणजे विश्वास गमावणं.

बँकेत जाण्याआधी त्याच एआयला सांगा: ‘तू बँकेचा अधिकारी आहेस. हा अहवाल वाचून सर्वांत अवघड दहा प्रश्न विचार.’ भात महागलं तर? पावसात वीज गेली तर? हप्ता पहिल्या विक्रीच्या आधी सुरू झाला तर? उत्तरं गटानं मोठ्यानं, एकमेकींसमोर द्यायची, आणि ती देताना अडखळलात तिथला आकडा पुन्हा तपासायचा. सगळ्या दहाजणींना निदान तीन आकडे पाठ हवेत: एकूण खर्च, महिन्याचा हप्ता, आणि तो फेडायला दर महिन्याला विकावा लागणारा तांदूळ. कोटेशनची मुदत मधेच संपली आणि यंत्राची किंमत बदलली, तर नुसता तो आकडा बदलून भागत नाही. कर्ज, हप्ता, अनुदान, नफा, सगळी पानं नव्या आकड्यावर पुन्हा जुळवून घ्या.