पितळेची वाटी आणि एकच गिऱ्हाईक

बंदुकीची रिकामी पुंगळी कधी नीट निरखून पाहिली आहे? तोंडाकडे ती पातळ आणि नरम, बुडाकडे जाड आणि कडक. गोळी सुटते तेव्हा आतला दाब हवेच्या दाबाच्या तीन-चार हजार पटींवर जातो. त्या क्षणी तोंडाकडचं पितळ फुगून नळीला घट्ट चिकटतं, त्यामुळे तापलेला वायू मागे सैनिकाच्या चेहऱ्याकडे येत नाही. लगेच ते पुन्हा आक्रसतं आणि पुंगळी सहज बाहेर पडते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतं.

या पुंगळीची सुरुवात एका छोट्या पितळी वाटीने होते. ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त यांचं पितळ ओतायचं, लाटून पत्रा करायचा, चकत्या कापायच्या आणि प्रेसखाली दाबून वाटी काढायची. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत हे काम होतं. पुढे ती वाटी डायमधून पुन्हा पुन्हा ओढून लांबवतात. प्रत्येक ओढीला पितळ जास्त कडक होतं. ते तडकू नये म्हणून मध्ये मध्ये सहाशे अंशांच्या आसपास तापवून नरम करावं लागतं. कुठे किती तापवायचं यावर तोंड नरम आणि बूड कडक राहणं अवलंबून असतं.

या तापवण्याची एक गोष्ट आपल्याच पावसाळ्यातली आहे. ब्रिटिश फौज पावसाळ्यात मोहिमा थांबवून दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवत असे. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या, की कितीतरी काडतुसं चिरलेली निघत. कुणी हात लावलेला नसायचा, धक्का लागलेला नसायचा. कोडं सुटायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी दाखवलं, की ओढकामात पितळात ताण अडकून राहतो आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया नेमका तिथेच पितळ फोडतो. उपाय साधा निघाला. शेवटी पितळ बेताने तापवून तो ताण मोकळा करायचा. आजही भट्टीवरच्या माणसाच्या कामामागे हा शोध उभा आहे, आणि मला तो फार थोर वाटतो.

अशा कारखान्यात नोकरी करावी की नाही, हा प्रश्न अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे. उल्हासनगर तर लष्कराच्या ट्रान्झिट कॅम्पातूनच उभं राहिलं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथल्या बराकींत आली आणि वस्तीच्या नावात ‘कॅम्प’ आजही आहे. ते गाव छोट्या धंद्यांवर वाढलं. तिथला कारखानदार शंभर गिऱ्हाइकांना माल विकतो. शेजारच्या अंबरनाथच्या ऑर्डनन्सचं मात्र मुख्य गिऱ्हाईक एकच, भारतीय सेना. माझ्या मते या नोकरीचं सगळं भलं-बुरं या एका गोष्टीतून निघतं.

भलं आधी सांगते. गिऱ्हाईक पैसे बुडवत नाही, म्हणून पगार तारखेला होतो. क्वार्टर मिळतं, दवाखाना मिळतो. आठवडा ४४ तास ४५ मिनिटांचा, त्यावर ओव्हरटाइम, आणि ४८ तासांच्या पुढे दुप्पट दर. २००४ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन. पण मला सर्वांत मोठी कमाई वाटते ती ज्ञानाची. आयटीआय करून आलेला पोरगा इथे असं धातुकाम शिकतो, जे बाजारात शिकवणारं कुणी नाही. अंबरनाथमध्येच १९५३ सालची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, यंत्रं बनवणारी यंत्रं घडवण्यासाठी काढलेली. शीळ-बदलापूर रस्त्यावर डीआरडीओची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. पाणबुडीला बॅटरी भरायला सारखं वर येऊन हवा घ्यावी लागू नये, म्हणून या प्रयोगशाळेने फॉस्फोरिक ॲसिडचा इंधनघट बनवला. हायड्रोजन लागतो तेव्हा पाणबुडीतच तयार करायचा, आणि उरतं ते निर्धोक पाणी समुद्रात सोडायचं! मार्च २०२१ मध्ये जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार झाला. समुद्र दिसतही नाही अशा गावात समुद्राखालचं बळ तयार होतं.

आता दुसरी बाजू. केलेलं काम दाखवता येत नाही. मोबाइल गेटवर ठेवायचा, घरी काही बोलायचं नाही. अंबरनाथची वाटी इतर कारखान्यांत जाऊन काडतूस होते, तिथून कुठे गेली ते करणाऱ्याला कधीच कळत नाही. नोकरी बदलायची वेळ आली तर दाखवायला नमुनाही नसतो. आणि सेनेची मागणी घटली की आधी ओव्हरटाइम जातो. हप्ते ओव्हरटाइमच्या भरवशावर काढलेल्या घराला ते लगेच जाणवतं.

१ ऑक्टोबर २०२१ ला गणितच बदललं. देशातले ४१ ऑर्डनन्स कारखाने एका मंडळाखालून निघून सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. अंबरनाथची ऑर्डनन्स नागपूरच्या ‘यंत्र इंडिया’कडे गेली, मशीन टूल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडीच्या ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’कडे. एकाच गावातले शेजारी एका रात्रीत दोन मालकांचे झाले. त्याआधी ३० जूनला अध्यादेशाने संपावर बंदी आली होती. मोडणाऱ्याला तेव्हा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. जुने कामगार केंद्र सरकारचेच राहिले, पण कंपनीकडे ‘प्रतिनियुक्तीवर’. आधी दोन वर्षांसाठी ठरलं, मग मुदत वाढत गेली. निवृत्तीला दहा-बारा वर्षं उरलेल्या माणसाने कोणत्या भरवशावर घर बांधायचं, याचं उत्तर त्याला लेखी मिळायला हवं.

नव्या कंपन्यांच्या अनेक जाहिराती ठरावीक मुदतीच्या कराराच्या असतात. मला खरी काळजी याची वाटते. पितळ किती तापलं हे काटा दाखवतो, पण घाण्याच्या सुरुवातीलाच काही बिनसलंय हे ओळखायला माणसाची वर्षं जातात. ती वर्षं भरत आली की करार संपणार असेल, तर पोराला शिकवण्यात वेळ घालवणारा जुना कारागीर तरी कशाला शिकवेल? मुदत आखताना कंपन्यांनी भट्टीवरच्या आणि टूलरूममधल्या माणसांना वेगळं मोजावं, आणि शिकवणाऱ्याचा पगार वाढवावा.